तांब्यात उतरलेला हात

फ्रेमवाल्याच्या दुकानात तिनं आधी ओळखला तो स्वेटर. करडा, समोरून बटणांचा, उजवा खिसा खाली ओघळलेला. असाच स्वेटर आपल्याकडेही आहे, असं तिला वाटलं, आणि मग तो आत्ता आपल्या अंगावर आहे हे लक्षात आलं. भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या चौकटीत खिडकीजवळच्या टेबलाच्या कडेला एक साठीतली बाई बसली होती. मान जराशी वळलेली, नजर चित्राबाहेरच्या कशावर तरी, आणि त्या नजरेत थोडा रुबाब, आपल्याला कुणी बघत नाही असं समजून बसणाऱ्या माणसाचा. सगळं बारीक काळ्या रेघांत, सुईनं तांब्यावर ओढून कागदावर उतरवलेलं. तिथपर्यंत ठीक होतं. पण खाली, मांडीवर, त्या बाईनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं, रस्ता ओलांडताना लहान मुलाचं धरतात तसं. आणि त्या धरलेल्या हाताची बोटं एकेका रेषेत नव्हती. प्रत्येक बोटाला दोन-दोन, तीन-तीन रेघा होत्या, बोट नक्की कुठं आहे हे अजून ठरायचं असल्यासारख्या. "बघा ना तो हात," फ्रेमवाला म्हणाला, घरच्या एका जुन्या फोटोची तिनं आणलेली तडकलेली काच काढता काढता. "सकाळपासून बघतोय, मला वाटतं काचेमागं हलतोय." "कोण आहे ही?" तिनं विचारलं. आवाज नीट आला. "काय माहीत. ज्या बाईंनी काढलंय त्यांची कुणी मैत्रीण असेल. आजारी असावी बिचारी. शनिवारी त्यांचं प्रदर्शन आहे, मधल्या भिंतीवर हेच लागायचंय." त्यानं तिच्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, पुन्हा काचेकडे वळला. त्यानं आपल्याला ओळखलं नाही, म्हणून तिनं सुटकेचा श्वास सोडला, आणि त्या श्वासाच्या पाठोपाठ, ओळखलं नाही म्हणून रागही आला. गेल्याच महिन्यात तिचा फोटो वर्तमानपत्रात आला होता. उजवा हात तिनं कधी खिशात घातला होता, तिला कळलंही नव्हतं.

काच तिच्याच हातून तडकली होती. नवऱ्याला तिनं सांगितलं होतं, भिंतीतला खिळा सैल झाला. तो बिचारा हातोडी घेऊन आला, खिळा पक्का केला, वर भुसा-सरस भरून म्हणाला, आता शंभर वर्षं हलायचा नाही. अशा किती गोष्टी त्यानं पक्क्या केल्या होत्या. चहाच्या कपांचे कान लहान असतात म्हणून त्यानं मोठे मग आणले. दाराचं कुलूप कुरकुरतं म्हणून तेल घातलं. लपवणं ही एक कला आहे आणि ती आपल्याला चित्रकलेपेक्षा बरी जमते, असं तिला हल्ली वाटायचं. बाहेर जेवायला गेलं की सूप नको म्हणायचं. सही करायची वेळ आली की चष्मा विसरला म्हणायचं. कुणी हात पुढे केला की त्याला दोन्ही हातांनी धरायचं, म्हणजे लोकांना वाटतं बाई किती प्रेमळ. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका डॉक्टरकडे ती बहिणीचं नाव सांगून जाऊन आली होती. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. म्हणाला, "जिवाला धोका नाही. पण वाढेल हळूहळू. घरच्यांना सांगून ठेवा." "सांगते," ती म्हणाली होती. रस्त्यानं चालताना आता तिला वाटत होतं, समोरून येणारा प्रत्येक माणूस त्या दुकानातूनच येतोय.

तिच्या वडिलांचा हातही असाच हलायचा. ते एका कचेरीत खिडकीपाशी बसायचे, लोकांना पावत्या द्यायचे, आणि पन्नाशीत त्यांना खिडकीवरून उठवून आत, फाइलींच्या खोलीत बसवलं गेलं. ते घरी बढती म्हणून सांगितलं गेलं. पाहुणे आले की आई ट्रे घेऊन बाहेर यायची आणि म्हणायची, "यांना चहा चालत नाही हो, पित्त होतं." वडील मान हलवायचे. पाहुणे गेले की ते स्वयंपाकघरात जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभ्यानं चहा प्यायचे. अर्धा कप. पूर्ण भरलेला कप आई कधी द्यायची नाही. लहानपणी तिला वाटायचं, पुरुष चहा असाच पितात. मैत्रिणीच्या घरी तिचे बाबा पाय पसरून खुर्चीत बसून, बशीत ओतून, फुरके मारत प्यायले तेव्हा तिला ते फार असभ्य वाटलं. नंतर कळायला लागल्यावर तिनं आईला एकदा विचारलं होतं की सांगून का टाकत नाही आपण लोकांना. आई पोळपाट पुसत होती. म्हणाली, "घरातलं घरात." एवढंच. आईच्या बोलण्यात कुठं दुःख नव्हतं, रागही नव्हता. खिडकी लावून घ्यावी तशी ती बोलली होती. आणि वडील गेले तेव्हा, त्यांचा हात चादरीवर अगदी स्वस्थ पडलेला पाहून, रडण्याच्या आधी तिच्या मनात आलं होतं: आता कुणालाही बोलवायला हरकत नाही.

पण वडिलांच्या हाताला कुणी दाद दिली नव्हती. तिच्या हाताला मिळाली होती. बारीक कुंचला धरवेनासा झाला तेव्हा तिनं रुंद पाती घेतली, फडकी घेतली, रंग ओढला, पुसला, पसरला. रेघ मुळात जिथं जायची होती तिथं गेली नाही तर ती गेली तिथं राहू दिली. त्या चित्रांचं प्रदर्शन झालं आणि एका समीक्षकानं लिहिलं, 'उतारवयात या रेषेला बेफिकिरी लाभली आहे. ही हातोटीच्या पलीकडची मुक्तता आहे.' नवऱ्यानं ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. ती हसली. मुक्तता! ज्या रेघेला ती रोज सकाळी हाक मारायची आणि जी भलत्याच घरात शिरायची, ती मुक्त. तिनं ते नाकारलं नाही. एका मुलाखतीत तर ती स्वतःच म्हणाली, "आता मला नेमकेपणाची ओढ राहिली नाही." बोलताना हात पाठीमागं होते.

आणि हे सगळं शाईनं एका पत्र्यावर उघडं केलं होतं. शाई म्हणजे तिची मैत्रीण. कलाशाळेत एकाच वर्गात एकाच नावाच्या दोन मुली आल्या, मास्तरांनी हजेरीच्या सोयीसाठी ही उंच म्हणून हिला थोरली केलं आणि त्या बुटकीला धाकटी. धाकटी पुढं छापखान्यात अशी रमली, नखांत, कोपरांवर, कधीकधी नाकाच्या शेंड्यावर असा काळा रंग घेऊन हिंडायला लागली, की सगळे तिला शाई म्हणायला लागले. थोरली थोरलीच राहिली. पुढं तसं झालंही. थोरलीची चित्रं विकली गेली, बाहेरदेशी गेली, तिच्यावर पुस्तक निघालं. शाईनं शाळेत मुलांना चित्रकला शिकवली, लग्न केलं नाही, घरामागच्या गाडीच्या खोलीत एक जुनं दाबयंत्र बसवलं आणि सुट्टीच्या दिवशी तांब्याचे पत्रे मेण लावून सुईनं कोरत, आम्लात बुडवून रेघा खोल करत राहिली. गुरुवारी दुपारी थोरली तिच्याकडे जायची. वर्षानुवर्षं. शाई काम करत असायची, ही खिडकीजवळ बसून बोलत असायची. कोण कसं वागलं, कुणी कुणाची नक्कल केली, कोणत्या दालनवाल्याची जीभ किती लांब. शाई म्हणायची, "हं", "मग?", "मेला!" आणि सुई चालू असायची. मधे एकदा ती म्हणाली होती, "थोरले, तुला काढू का गं?" आणि ही म्हणाली होती, "काढ की. मी कुठं पळून जातेय." असं म्हणून ती विसरूनही गेली होती. शाई काय काढते याकडे तिनं, खरं सांगायचं तर, फारसं बघितलंच नव्हतं.

ती तशीच शाईकडे गेली. गुरुवार नव्हता. दार उघडंच होतं. आत तेलाचा आणि ओल्या कागदाचा वास होता, आणि शाई टेबलावर वाकून छोट्या पुठ्ठ्यांवर चित्रांची नावं लिहीत होती. "अरे वा, आज वाट कशी चुकली?" ती म्हणाली. मग तिनं थोरलीचा चेहरा बघितला. थोरलीनं ठरवलं होतं की शांतपणे बोलायचं. "फ्रेमवाल्याकडे बघितलं मी," ती म्हणाली. शाई एकदम उजळली. लेखणी खाली ठेवून उठलीच. "बघितलंस? मी शनिवारी दाखवणार होते गं तुला. कसं वाटलं? खरं सांग. चेहरा जमलाय ना? कपाळ तीनदा केलं मी." त्या वयाच्या बाईच्या तोंडावर असा वर्गातला पहिला नंबर आल्यासारखा आनंद बघून थोरलीचे शब्द घशातच अडखळले. आणि त्यामुळं जेव्हा बाहेर पडले तेव्हा तिला हवे होते त्यापेक्षा फार कठोर पडले. "हात पुसून टाक," ती म्हणाली. "तमाशा केलायस तू माझा."

शाई भांडेल असं तिला वाटलं होतं. भांडावं अशी तिची इच्छाही होती. भांडणात ही नेहमी वरचढ असायची. पण शाई नुसती उभी राहिली. चेहऱ्यावरचा आनंद लगेच गेला नाही, दिवा मालवल्यावर काच काही वेळ गरम राहते तसा राहिला, आणि मग गेला. "सगळं नको, की नुसता हात?" तिनं विचारलं. "हात." "चेहरा राहू दे?" "राहू दे." शाईनं कपाटातून कापडात गुंडाळलेला पत्रा काढला. तांबं लालसर चकाकत होतं आणि त्यात थोरली आरशातल्यासारखी उलटी बसली होती, मान दुसऱ्या बाजूला. शाईनं त्यावर तेलाचा थेंब सोडला, तीन धारांची एक छोटी पाती घेतली आणि खरवडायला लागली. दात आंबवणारा आवाज. पात्यासमोर तांब्याचे केसासारखे पापुद्रे निघायचे, शाई ते बोटानं बाजूला करायची, पुन्हा खरवडायची. ती मुद्दाम जोरात करत नव्हती की रडत नव्हती. जितक्या काळजीनं तो हात काढला असेल तितक्याच काळजीनं काढून टाकत होती. हे बघवेना. थोरली खिडकीबाहेर बघायला लागली, आणि मग लक्षात आलं की चित्रातल्यासारखीच मान वळवून आपण बसलोय, म्हणून तिनं पुन्हा समोर बघितलं. एकदा तर शाईनं पातं थांबवून विचारलं, "करंगळीची सावली स्वेटरवर पडलीय, तीही घालवू?" जणू शिंप्यानं विचारावं, बाही किती आखडू. "घालव," थोरली म्हणाली. मग गुळगुळीत लोखंडी दांडीनं शाई ती जागा घोटत बसली. बऱ्याच वेळानं तिनं पत्र्याला शाई लावली, जाळीच्या कापडानं पुसली, तळहातानं पुसली, यंत्राच्या पाटावर ठेवला, वर ओला कागद, वर घोंगडीचे थर, आणि चाक फिरवलं. कागद उचलला. बाई होती, कपाळ होतं, रुबाब होता. डावा हात कशाला तरी धरून होता आणि तो जे धरून होता तिथं एक करडा धुरकट डाग होता. तांबं सगळं विसरत नाही. डागात बोटांच्या रेघा भुतासारख्या उरल्या होत्या. आधी हात थरथरत होता. आता तो कापून टाकल्यासारखा दिसत होता.

"याहून जास्त खरवडलं तर पत्रा फाटेल," शाई म्हणाली. "हेच लावते मग. फ्रेमवाल्याकडचं काढून घेते." "हे? हे कशाला लावायचं? दुसरं लाव काहीतरी." "मधल्या भिंतीवर काय लावू, माझा फोटो?" शाई पहिल्यांदाच थोडी चिडली. "चेहरा जमलाय, थोरले. असा चेहरा माझ्या हातून पुन्हा होणार नाही. तो मी सोडणार नाही." मग फडक्यानं बोटं पुसत, हिच्याकडे न बघता, म्हणाली, "मला वाटलं, तू मला दाखवतेस." "काय दाखवते?" "हात. इथं येतेस, पेला दोन्ही हातांनी धरतेस. माझ्यासमोर मनगट धरून बसतेस. बाहेर कधी तसं करताना पाहिलं नाही तुला. मला वाटलं, तोंडानं सांगवत नाही म्हणून दाखवते. म्हटलं, हिनं एवढ्या विश्वासानं दाखवलंय तर आपण ते नीट काढलं पाहिजे." तिनं शाईला काहीही दाखवलेलं नव्हतं. नवऱ्यापुढं, विद्यार्थ्यांपुढं, दुकानदारापुढंसुद्धा जो पहारा ती क्षणभर ढिला सोडत नव्हती, तो इथं दारात चपलांबरोबर काढून ठेवत होती, आणि कधी ठेवला हे तिला माहीतही नव्हतं. ज्याच्यासमोर माणसाला लाज वाटत नाही तो एकतर आपला असतो, नाहीतर कुणीच नसतो. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून चहा पिणाऱ्या वडिलांना भिंतीची लाज वाटत नव्हती. शाई आपली कोण होती, मैत्रीण की भिंत? घरी जाताना सबंध रस्ता तिनं याचं उत्तर मैत्रीण असं दिलं, आणि दर वेळी, आपण तिच्या प्रदर्शनातली आणखी किती चित्रं बघितलीत, असा प्रश्न मागून आला. एकही नाही.

शनिवारी दालन भरलं होतं. शाईनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि नखं घासून घासून लाल केली होती. तिच्या शाळेतले जुने विद्यार्थी आले होते, त्यांची मुलं आली होती. थोरलीला उद्‌घाटनाचे दोन शब्द बोलायचे होते. ते तिनं पाठ केले होते, म्हणजे कागद हातात नको. मधल्या भिंतीवर ती स्वतः होती. लोक चित्राकडे बघून तिच्याकडे बघत, ओळखीचं हसत, आणि मग त्यांची नजर खाली त्या डागावर जाऊन अडखळत होती. ज्यानं मुक्ततेबद्दल लिहिलं होतं तो समीक्षक चित्रासमोर बराच वेळ उभा होता. थोरली दोन पावलांवर, नवऱ्याच्या बाजूला. "बाई, चेहरा फार सुरेख उतरलाय," समीक्षक शाईला म्हणाला. "पण इथं हे काय झालं? एवढं सगळं साधलं आणि नेमका हात बिघडला?" शाईनं थोरलीकडे बघितलंसुद्धा नाही. "आम्लात जास्त वेळ राहिला पत्रा," ती म्हणाली. "लक्ष गेलं माझं. वय झालं आता, काय करता." आणि हसली. समीक्षकानंही समजुतीनं मान डोलावली, आणि त्या मान डोलावण्यात शाईचं सगळं आयुष्य, सगळे रविवार, तीनदा केलेलं कपाळ, एका हौशी शाळामास्तरणीच्या खात्यावर जमा होताना थोरलीनं बघितलं. कान तापले. कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं, आणि मारणारा हात आपलाच होता.

मग तिला बोलायला उभं केलं. पाठ केलेली वाक्यं होती तिथंच होती, पण तिनं ती घेतली नाहीत. "आत्ता ती खोटं बोलली," थोरली म्हणाली. "आम्लात काही झालं नाही. तिचं लक्ष कधी जात नाही. हात तिनं काढला होता, आणि माझ्या सगळ्या चित्रांहून तो चांगला होता. मी तो खरवडायला लावला. कारण माझा हात असा आहे." आणि तिनं स्वेटरच्या खिशातून हात काढून सगळ्यांसमोर धरला. तो, नेमका त्या दिवशी, नेहमीपेक्षा जास्त हलत होता. कुणीतरी खोकलं. मागं एक मूल आईला काहीतरी विचारायला लागलं आणि आईनं त्याला गप्प केलं. "माझी नवी चित्रं अशी का आहेत ते आता कळलं असेल," ती समीक्षकाकडे बघून म्हणाली, आणि तो जमिनीकडे बघायला लागला. तिला वाटलं होतं, एकदा हे बोललं की छातीवरचा दगड उतरेल. झालं भलतंच. एका बाईनं धावत खुर्ची आणली. दुसरीनं पाणी आणलं, पेला भरलेला बघून घाबरली आणि अर्धं ओतून आली. विद्यार्थी भोवती गोळा झाले, कुणाच्या डोळ्यांत पाणी, कुणी म्हणे काय हे धैर्य, कुणी ओळखीच्या डॉक्टरचा पत्ता देतंय. समीक्षक तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "यावर मला लिहायलाच हवं." त्या गराड्यातून तिला माणसांच्या खांद्यांवरून दालनाच्या भिंती दिसत होत्या. त्यांच्यासमोर कुणी नव्हतं. एका कोपऱ्यात शाई एकटी उभी होती, लोकांना द्यायची सरबताची तबकडी स्वतःच धरून. सगळे पांगल्यावर थोरली तिच्याजवळ गेली. "शाई, मी..." "कळलं मला, तू का केलंस," शाई हळू म्हणाली. "तुझं मन मोठं आहे. पण आजचा दिवस माझा होता गं, थोरले." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

परतताना नवरा सावकाश गाडी चालवत होता, प्रत्येक वळणाला गरजेपेक्षा आधी वेग कमी करत होता. तो रागावला असता तर तिच्याकडे उत्तरं होती. तो समजुतीनं बोलला असता तर त्याचीही तिनं तयारी केली होती. घराजवळ आल्यावर त्यानं गाडी बंद केली आणि किल्ली तशीच ठेवून विचारलं, "तिला कधीपासून माहीत होतं?" "मी तिला सांगितलं नव्हतं हो. तिनं बघितलं." "मीही रोज बघतो तुला," तो म्हणाला. "जेवताना समोर बसतो." मग किल्ली काढून घेत, "मला तू ते दिसू दिलं नाहीस." तो उतरला, फिरून तिच्या बाजूला आला, दार उघडलं आणि हात पुढे केला. तिनं नेहमीप्रमाणे डावा दिला. त्यानं तो घेतला नाही. उजवा देईपर्यंत तो तसाच, शेजारी बघतील याची पर्वा न करता, दार धरून उभा राहिला.

शाईकडे ती बरेच गुरुवार गेली नाही. प्रदर्शन संपलं. समीक्षकाचा लेख आला, त्यात दोन रकाने थोरलीच्या धैर्यावर होते आणि शेवटच्या ओळीत, प्रसंग शाईच्या प्रदर्शनाचा होता अशी नोंद होती. नवऱ्यानं तो मोठ्यानं वाचला नाही. ती मात्र प्रदर्शन उतरायच्या आदल्या दिवशी दुपारी, कुणी नसताना, दालनात जाऊन आली होती. सगळी चित्रं बघितली, पहिल्यापासून. शाळेच्या गेटवरचा रखवालदार झोपलेला. शाईची आई, उशीला टेकलेली, तोंडाचं बोळकं. एक नुसता रिकामा वर्ग, बाकांवर कोरलेल्या नावांसकट. प्रत्येकात अशी माणसं आणि वस्तू होत्या ज्यांच्याकडे कुणीतरी फार दिवस, काही न मागता, बघत राहिलं होतं. आपण चित्रकार आहोत आणि आपण आयुष्यभर एवढं कशाकडेच बघितलं नाही, असं तिला वाटलं, आणि ते खरं असावं याची तिला खात्री झाली. यावर इलाज काय हे मात्र कळलं नाही. फोन तिनं दोनदा उचलला आणि ठेवला. माफी मागायची तर तिथंही आपणच बोलणार आणि शाई ऐकणार.

शेवटी एका गुरुवारी ती गेली. शाईनं दार उघडलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "ये. चपला आत काढ, बाहेर कुत्रं आहे." बस्स. आत टेबलावर तोच पत्रा पडला होता. खरवडलेल्या जागी खोलगट झालं होतं ते शाईनं मागून हलकेच ठोकून वर आणलं होतं, घासून घासून आरशासारखं केलं होतं, आणि त्यावर काळ्या मेणाचा नवा थर दिला होता. "पहिला छाप आहे ना तुझ्याकडे?" थोरलीनं विचारलं. "त्यावरून उतरवता आला असता." "आहे, कपाटात. पण तो जुना झाला. आता वेगळा हलत असेल," शाई म्हणाली. "आणि या वेळी मी विचारून काढणार आहे. काढू?" थोरलीनं मान डोलावली. "तोंडानं बोल." "काढ." शाईनं खिडकीजवळची खुर्ची ओढली, सुई घेतली, चष्मा नाकावर खाली घेतला. थोरलीनं उजवा हात टेबलावर ठेवला, एकटा, डाव्या हाताशिवाय. लाकडावर बोटं बारीक वाजत होती. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला शाईची लाज वाटली. मानेपासून कानापर्यंत चढत गेलेली, नव्या माणसापुढं वाटावी तशी. हात उचलून खिशात घालावा असं तिला फार, फार वाटलं. तिनं तो राहू दिला. "आज काय काय केलंस दिवसभर?" तिनं विचारलं. हे तिनं याआधी कधी विचारलं नव्हतं. शाईनं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "सांगते," ती म्हणाली, आणि आयुष्यभराच्या सवयीनं पुढं म्हणाली, "हलू नको."

"ते का माझ्या हातात आहे?" थोरली म्हणाली.

शाईच्या खांद्यांना आधी हसू फुटलं, मग तोंडाला. सुई बाजूला ठेवून, टेबलाला धरून ती हसत राहिली. थोरलीला हसू आलं नाही. तोंड लाल करून, हात तसाच टेबलावर ठेवून, ती शाईचं हसणं संपायची वाट बघत बसली.